माझा नेम पाटीवर होता!

फोकस म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही! गेली एकवीस वर्षं मी विमा कंपनीत दावे तपासतोय. 'साहेब, दुकान जळालं हो!' म्हणून समोरच्याने हंबरडा फोडला, की आमच्या ऑफिसातले बाकीचे लोक पाण्याचा ग्लास पुढे करतात. मी विचारतो, "काडेपेटी कुणाच्या खिशात होती?" माणूस असो की कागद, कुठे काय धूसर आहे ते मला लांबूनच दिसतं. त्यामुळे सासऱ्यांनी त्यांच्या जुन्या लेन्सेसचा विषय काढला तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "द्या माझ्याकडे, बाबा! यंत्राकडून फोकस करून घेणं हे आळशी लोकांचं काम. मला माझा डोळा पुरे आहे!"

सासऱ्यांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. आता हात थरथरतात म्हणून काम बंद केलंय, पण त्या काळातल्या तीन लेन्सेस कपाटात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. "मला मुली पाच," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. "दोघी लग्न होऊन गेल्या, तिघी कपाटात आहेत." थोरली, मधली आणि धाकटी! थोरली सगळ्यांत लांब, अस्सल धातूची, हातात घेतली की मनगट आपोआप खाली जातं. तिच्यात मोटर नाही, वायर नाही. कडी हाताने फिरवायची आणि नजरेने जुळवायचं.

"थोरली महिनाभर घेऊन जा," सासरे म्हणाले. "महिन्याने रविवारी सगळे इथे जमतील, तेव्हा फोटो दाखवा. फोकस जमला तर तिघी तुमच्या. नाही जमला तर थोरली परत. मागे एक मुलगी देताना मी घाई केली. आता करणार नाही."

सगळे हसले. सगळ्यांत जास्त माझा साडू हसला. तो शाळेत गणित शिकवतो आणि त्याच्याकडे एक भलामोठा नवा कॅमेरा आहे. समोर माणूस आला की तो कॅमेरा स्वतःच डोळा शोधतो, डोळ्यावर चौकोन काढतो आणि टिक टिक करतो. साडूला फक्त बोट दाबायचे कष्ट! मी विचारलं, "का हो, तुम्हाला नकोत का या लेन्सेस?"

"छे हो! तो जुना लोखंडी माल घेऊन मी काय करू?"

झालं! माझ्या डोक्यात घंटा वाजली. एकवीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, जो माणूस न विचारता तीनदा 'नको' म्हणतो त्याला ती वस्तू हवीच असते. साडू एकदाच म्हणाला होता हे खरं. पण मी विचारलंही एकदाच होतं!

घरी आल्यावर थोरलीला माझ्या नव्या कॅमेऱ्यावर चढवायचं काम निघालं. जुन्या लेन्सचा मागचा आटा वेगळा, नव्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं. मध्ये अडॅप्टर नावाची एक कडी लागते. ती बसवली, लेन्स फिरवली, खट् आवाज आला. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'लेन्स लावलेली नाही.'

पाऊण किलोची लेन्स समोर लटकतेय आणि हा म्हणतो लावलेली नाही! मी काढून परत लावली. 'लेन्स लावलेली नाही.' थोरलीत वायर नसल्यामुळे तिचं अस्तित्वच कॅमेऱ्याला मान्य नव्हतं! मला त्याचा राग आला नाही, उलट आदर वाटला. पुराव्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हेच तर मी नव्या पोरांना ऑफिसात शिकवतो. शेवटी सेटिंगमध्ये खोल कुठेतरी 'लेन्स नसली तरी फोटो काढ' अशी एक परवानगी सापडली. ती दिली आणि कॅमेरा नाइलाजाने कामाला लागला.

आता सराव. तो कुठे करायचा, यापेक्षा कुणाला कळू न देता कसा करायचा, हा प्रश्न मोठा होता. कारण आमच्या घरातली बातमी बायकोकडून तिच्या बहिणीकडे जायला सात मिनिटं लागतात आणि बहिणीकडून साडूकडे जायला तीन. म्हणून मी बायकोला सांगितलं, "उद्यापासून मी सकाळी गच्चीवर व्यायामाला जाणार."

"तुम्ही?" ती चहा गाळता गाळता थांबली.

"हो, मी! काय झालं?"

"काही नाही. इतकी वर्षं गेला नाहीत, म्हणून विचारलं."

कॅमेऱ्याची बॅग मी टॉवेलात गुंडाळून न्यायला लागलो. आल्यावर ती कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली माझ्या दाढीच्या डब्यात.

आमच्या गच्चीच्या अगदी समोर, अरुंद गल्लीपलीकडे, एक दातांचा दवाखाना आहे. त्याचं काचेचं मोठं दार, आत टेबल, आणि टेबलाच्या बऱ्याच मागे आतल्या भिंतीवर एक पाटी : डॉक्टरांच्या पदव्या, वेळा, फोन नंबर, अगदी बारीक अक्षरांत! फोकसच्या परीक्षेला याहून चांगला पेपर कोण काढणार? मी ठरवलं की फोन नंबरातला शेवटचा आकडा वाचता आला की पास.

पहिले तीन दिवस मी पास झालो! कडी इकडे फिरवली की पाटी विरघळायची, तिकडे फिरवली की अक्षरं हळूहळू गोळा व्हायची, आणि मध्ये कुठेतरी एका केसाच्या अंतरावर सगळं लख्ख! काय सुख होतं ते! मोबाइलवर बोट आपटणाऱ्या लोकांना ते कळणार नाही. आता काय, रोजच जमणार, म्हणून ते फोटो मी पुसूनही टाकले. मी मनातल्या मनात मधली आणि धाकटी ठेवायला कपाटात जागासुद्धा केली.

चौथ्या दिवशी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि सगळं धूसर! कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. धूसर ते जास्त धूसर, एवढाच काय तो फरक. डोळे चोळले. काच पुसली. तेच! आणि मग मला ते दिसलं, जे फक्त दावे तपासणाऱ्यालाच दिसतं. आदल्या दिवशीच्या शेवटच्या फोटोचा नंबर होता दोनशे बारा. आजचा पहिला निघाला दोनशे एकोणीस!

मधले सहा फोटो कुठे गेले? कुणीतरी माझा कॅमेरा काढला होता, सहा वेळा बटण दाबलं होतं आणि फोटो पुसून पुरावा नष्ट केला होता!

मी संध्याकाळी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल घरी कोण आलं होतं?"

"ताई आणि भावजी येऊन गेले ना. शिडी परत द्यायला." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "का हो?"

"काही नाही!"

"मग माझंपण काही नाही," असं म्हणून ती आत गेली. मला त्याचा अर्थ लागला नाही. मी शिडीचा विचार करत होतो. चार महिने न दिलेली शिडी माणूस नेमकी कालच कशी परत देतो?

साडूने थोरलीच्या आत काहीतरी हलवून ठेवलंय, याबद्दल मला शंका उरली नाही. टॉर्च घेऊन मी लेन्सच्या आत पाहिलं. दोन धुळीचे कण आणि एक ओरखडा दिसला, दोन्ही संशयास्पद! पण मी हार मानणारा नाही. माझ्या कॅमेऱ्यात एक सोय आहे : जे फोकसमध्ये येईल त्याच्या कडांवर लाल रेघा चमकतात. चित्र धूसर का असेना, रेघा तर दिसत होत्या! मी ती सोय चालू केली आणि रोज सकाळी लाल रेघा जिथे सगळ्यांत जास्त चमकतील तिथे कडी थांबवून फोटो काढायला लागलो. घरी येऊन फोटो मोठा करून पाटी बघायची. रोज पाटी धूसर! रोज माझा साडूवरचा संशय एक इंचाने वाढायचा.

मग मी सापळा लावला. बायकोची सुगंधी पावडर घेतली आणि कॅमेऱ्याच्या काळ्या बॅगेच्या पट्ट्याला अलगद चोळली. हात लावणाऱ्याचा हात पांढरा! सापळा उत्तम होता. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत बॅग खांद्याला मीच लावली, आणि खाली आलो तेव्हा बायकोने माझ्या शर्टाचा खांदा नाकाजवळ नेला.

"व्यायाम करताना पावडर लावता?"

"घाम येतो!"

"तीन आठवडे घाम गाळताय आणि वजन दीड किलो वाढलंय," ती म्हणाली आणि शर्ट धुवायला टाकायच्या ऐवजी घडी करून ठेवून दिला. धुवायचा शर्ट घडी करून ठेवते म्हणजे हिचं लक्ष ठिकाणावर नाही, असा निष्कर्ष मी काढला.

रविवार उजाडला. माझ्याकडे एकही लख्ख पाटी नव्हती, पण खटला मात्र पक्का तयार होता. सासऱ्यांच्या दिवाणखान्यात चहा झाला. साडू तेवढा यायचा राहिला होता. तो उशिरा आला, आणि त्याचा उजवा हात पाहून मी खुर्चीतून उडालोच! बोटं पांढरी, बाही पांढरी!

मी त्याचं मनगट धरलं. "सापडलात! पावडर!"

"कसली पावडर?"

"माझ्या बॅगेवर लावलेली! लेन्स बिघडवायला हात घातलात तेव्हा लागलेली!"

"अहो, सोडा! खडू आहे तो! रविवारचा जादा तास घेऊन सरळ इकडे आलोय!"

मी वास घेतला. खडूच होता. साडू म्हणाला, "आणि पावडर लावलीत कधी?"

"दहा दिवसांपूर्वी."

"म्हणजे दहा दिवस मी हात धुतले नाहीत, असं तुमचं म्हणणं आहे?"

मेहुणी फिस्सकन हसली. आणि तेवढ्यात बायको उठून उभी राहिली. "पावडरचा विषय तुम्हीच काढलात ते बरं झालं," ती म्हणाली. तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि टीव्हीला लावला. "बाबा, यांचा महिन्याभराचा व्यायाम बघा. कॅमेऱ्यातून नुसते उतरवून घेतलेत, मीही आज सगळ्यांसमोर पहिल्यांदाच बघतेय."

टीव्हीवर एक तरुण मुलगी आली. दवाखान्यातल्या टेबलाशी बसलेली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कोट घातलेली, फोनवर बोलणारी. दुसऱ्या फोटोत ती केस मागे सारत होती. तिसऱ्यात जांभई. चौथ्यात पेन चावतेय. अशी एकेचाळीस वेळा! इतकी लख्ख, की पापण्या मोजाव्यात. तिच्यामागे एक पांढरा धूसर ठिपका होता. तीच माझी पाटी!

देवाशप्पथ सांगतो, ती मुलगी मी आयुष्यात पहिल्यांदा त्या टीव्हीवर पाहिली. महिनाभर फोटो मोठा करायचो तो फक्त पाटीचा कोपरा!

"ही कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मला काय माहीत!"

"एकेचाळीस फोटो काढलेत आणि माहीत नाही?"

"माझा नेम पाटीवर होता!" मी ओरडलो.

"कुठली पाटी?" साडू टीव्हीजवळ गेला. सगळे पाटी शोधायला लागले. "ती मागची? ती पाटी आहे होय? मला वाटलं खिडकी!"

हाच जबाब एखाद्या दावेदाराने माझ्यासमोर दिला असता, तर मी अर्धा चहा संपायच्या आत त्याची फाइल बंद केली असती. मला दरदरून घाम फुटला.

 सासरे उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवून वाकले.  मग ते वळले. त्यांचे डोळे चमकत होते.

"काय फोकस आहे!" ते म्हणाले. "पापणी न् पापणी! हाताने, एवढ्या लांबून, एकेचाळीसपैकी एकेचाळीस! मला जन्मात जमलं नाही. जावईबापू, शाब्बास! तिघी तुमच्या!"

"बाबा!" बायको किंचाळली.

"बाकीचं तुमचं तुम्ही बघा गं. मी फक्त फोकसबद्दल बोलतोय."

काय अवस्था झाली माझी! एक शब्द, 'धन्यवाद', एवढाच म्हणायचा होता. लेन्सेस माझ्या झाल्या असत्या. साडूच्या चेहऱ्यावर तर पहिल्यांदाच मला मत्सर दिसत होता, खराखुरा, बारा वर्षं ज्याची मी वाट पाहत होतो तो! मी तोंड उघडलं. आणि बायकोकडे माझी नजर गेली. ती रागावली असती तर मी सांभाळून घेतलं असतं; पण तिने चष्मा काढून डोळे पुसले, आणि पुसताना कुणाला दिसू नये म्हणून भिंतीकडे वळली.  हिला गमावून तीन काय, तीनशे लेन्सेस मिळाल्या तरी मी त्यांच्यातून बघू काय?

"बाबा," मी म्हणालो, "मला फोकस करता येत नाही."

"अहो, विनय पुरे!"

"विनय नाही! खरंच येत नाही! मला त्यातून काही दिसतच नाही! मी अंदाजाने कडी फिरवतो!"

"पुन्हा सांगा," साडू म्हणाला. "मागे कुणीतरी म्हणालं होतं, यंत्र आळशी लोकांना लागतं म्हणून."

"मीच म्हणालो होतो! मी मूर्ख आहे! झालं समाधान?"

तरी कुणाचा विश्वास बसेना! आयुष्यभर मी लोकांच्या हुशारीवर संशय घेतला, आणि आता माझ्या नालायकपणावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं! शेवटी मी कॅमेरा काढला. सासऱ्यांना खोलीच्या त्या टोकाला सोफ्यावर बसवलं, लाल रेघा चालू केल्या, कडी फिरवली, फोटो काढला आणि सगळ्यांना दाखवला. सासरे धुरातून प्रकट झाल्यासारखे दिसत होते. त्यांच्या मागच्या खुर्चीवरची पट्ट्यापट्ट्यांची उशी मात्र लख्ख!

"बघितलंत? त्या रेघांना पट्टे आवडतात! पट्टे दिसले की त्या सगळ्यांत जास्त चमकतात! त्या मुलीने साधा कोट घातला असता तर ती या घरात आलीच नसती!"

सासरे हसायला लागले. हसता हसता त्यांनी कॅमेरा घेतला, थरथरत्या हाताने डोळ्याला लावला आणि थबकले. "हे काय? आत कोपऱ्यात कॅमेरा स्वतःचे आकडे दाखवतो, तेसुद्धा धूसर दिसतायत की!"

"तेच तर सांगतोय! थोरली बिघडवली आहे कुणीतरी!"

"जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले, "आकडे काय लेन्समधून येतात?"

मी आधी लेन्सकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. 

डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक बारीकसं चाक असतं. बघणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे ते फिरवायचं, म्हणजे त्याला आतलं चित्र स्पष्ट दिसतं. सासऱ्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं. "हे पार टोकाला फिरवलंय. कुणी फिरवलं?"

 मी साडूकडे पाहिलं. साडूने माझ्याकडे पाहिलं. आणि भिंतीकडून बारीक आवाज आला, "ते फिरवायचं नसतं का?"

सगळ्या माना बायकोकडे वळल्या. "हे रोज टॉवेलात काहीतरी गुंडाळून गच्चीवर जायचे," ती म्हणाली. "म्हणून हे ऑफिसला गेल्यावर मी गच्चीवर जाऊन बघितलं, यांना तिथून दिसतं तरी काय. चष्मा काढला तर सगळं धूसर. ते चाक फिरवलं तेव्हा कुठे स्पष्ट दिसलं. चुकून बटण दाबलं गेलं पाच-सहा वेळा. ते मी पुसून टाकले."

"किल्ली कुठे सापडली?" मी विचारलं.

"दाढीच्या डब्यात. तुमचं सगळं दाढीच्या डब्यात असतं."

म्हणजे तिला माझा संशय आला, म्हणून तिने चाक फिरवलं. चाक फिरलं म्हणून मला साडूचा संशय आला. मी रेघांच्या नादी लागलो, रेघा पट्ट्यांच्या नादी लागल्या, आणि पट्ट्यांमुळे तिचा संशय खरा ठरला! एवढं पक्कं प्रकरण माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

"एकदा सांगितलं असतं सरळ, की सराव करतोय," बायको म्हणाली.

"एकदा विचारलं असतंस सरळ," मी म्हणालो. मग मी साडूची माफी मागितली. त्याने ती तीनदा मागायला लावली.

सासऱ्यांनी कॅमेरा पुसला आणि बायकोच्या हातात दिला. "तुझ्या डोळ्याला जुळलंय ना हे? मग काढ बघू एक. त्या लाल रेघा बंद करून."

"कुणाचा काढू?"

"ज्याच्यावर महिनाभर नजर ठेवली होतीस त्याचा!"

तिने चष्मा काढला, कॅमेरा डोळ्याला लावला, थोरलीची कडी सावकाश फिरवली, जरा पुढे, जरा मागे, आणि बटण दाबलं. एकदाच! सासऱ्यांनी पडद्यावर पाहिलं आणि कपाट उघडून मधली आणि धाकटी तिच्या ओटीत ठेवल्या.

तो फोटो आता सासऱ्यांच्या दिवाणखान्यात मोठा करून लावलाय. माझ्या कपाळावरचा घामाचा थेंबन् थेंब त्यात मोजता येतो. नुकताच निर्दोष सुटलेला माणूस आहे तो, सगळ्यांसमोर, पुराव्यानिशी! पण तिथे कुणी नवीन पाहुणा आला, की मेहुणी त्याला फोटोपुढे उभं करून विचारते, "ओळखा पाहू, या माणसाने काय केलं असेल?" आजवर चौदा जणांनी उत्तर दिलंय. 'काहीच नाही' असं अजून एकही म्हणालेला नाही.